करडईचा हरवलेला रंग

कला लुप्त होते तेव्हा तिचे साहित्य नाहीसे झालेले असतेच असे नाही. पुष्कळदा ते डोळ्यांसमोर असते आणि त्याचा उपयोग जाणणारे हात तेवढे उरलेले नसतात. शिरूर व दौंड तालुक्यांच्या जिरायत भागातील करडई हे याचे बोलके उदाहरण होय. रब्बी ज्वारीच्या कडेने करडईचे चार तास टाकावेत, म्हणजे काट्यांमुळे गुरे आत शिरत नाहीत आणि घरापुरते तेलही निघते, ही जुनी रीत. कालव्यांचे पाणी आले, ऊस वाढला आणि करडई मागे हटली. पण याच फुलांनी एके काळी वस्त्रे रंगत, याचे स्मरण आता ‘कुसुंबी’ या शब्दापुरतेच राहिले आहे.

जपानात या फुलाला ‘बेनिबाना’ म्हणतात. यामागाता भागातून त्याच्या पाकळ्या क्योतोस जात आणि किमोनोचे रेशीम त्यांनी रंगे. पाकळ्या धुऊन पिवळा रंग काढून टाकावयाचा, क्षाराच्या पाण्यात तांबडा उतरवावयाचा आणि आंबट रसाच्या योगाने तो कापडावर बसवावयाचा, ही कृती दोन्ही देशांत मूलतः एकच. १८५६ मध्ये विल्यम पर्किनने कृत्रिम रंग शोधल्यावर तडाखाही दोघांना सारखाच बसला. भेद पडला तो पुढे. जपानने १९५० मध्ये सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचा कायदा केला आणि वस्तूंबरोबर कसबालाही वारसा मानले. युझेन पद्धतीने किमोनो रंगविणारे मोरिगुची काको यांना १९६७ मध्ये ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान मिळाला, २००७ मध्ये त्यांचे पुत्र कुनिहिको यांनाही. अशा कारागिराला शासन वर्षाला २० लाख येन देते. त्याने विद्या पुढच्या पिढीस द्यावी, हा त्यामागील हेतू.

आपल्याकडेही शिल्पगुरू पुरस्कार आहे. परंतु पुरस्काराने कारागिराचा गौरव होतो, त्याला शिष्य मिळतोच असे नाही.

कुसुंबी रंग उन्हात विटतो आणि गिरणीच्या रंगाशी त्याची बरोबरी होणार नाही, हा आक्षेप खरा आहे. पण मागणी तेवढी मोठी नाहीच. फलधारणेनंतर पाकळ्या खुडल्यास बियांना बाध येत नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्यांचे वाणही सिद्ध केले आहे. तेव्हा जेथे कोणी जाणता रंगारी असेल तेथे शासनाने त्याला वार्षिक मानधन व दोन शिष्य द्यावेत, आणि शिरूर-दौंडच्या शेतकऱ्यास तेलाबरोबर पाकळ्यांचाही भाव मिळवून द्यावा. पीक पुन्हा पेरता येते. विसरलेले कसब पुन्हा पेरता येत नाही.