पुढील तारखेचा शब्द

संध्याकाळी चर्चगेटहून सुटलेली विरार लोकल सुमारे ६० किलोमीटरचे अंतर कापून वसई, नालासोपारा आणि विरार येथील नोकरदारांना घरी आणून सोडते. या सव्वा-दीड तासात ज्याला हात हलविण्यापुरती जागा मिळते, तो खिशातून मोबाईल काढतो आणि त्याच पडद्यावर त्याला साडी, स्टीलची भांडी, मुलांचे कपडे, दागिने दिसतात. नेमक्या त्याच वेळी स्टेशनबाहेरच्या दुकानांत गर्दी वाढू लागते आणि गल्ल्यावर बसलेल्या शेठजींना मान वर करण्यास फुरसत नसते. त्यांची सवड दुपारी दोन ते चारची, तर ग्राहकाची सवड संध्याकाळी सहा ते आठची. या दोन वेळांचा मेळ घालणे, एवढेच खरे तर समाजमाध्यमांवरील शेड्युलिंगच्या साधनांचे काम आहे. दुपारी मजकूर व छायाचित्र तयार करून ठेवावे आणि यंत्राने ते ठरल्या वेळी प्रसिद्ध करावे.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर अशी पोस्ट म्हणजे पुढील तारखेचा धनादेश होय. आज सही करायची आणि वटणार मात्र पुढच्या आठवड्यात. असा धनादेश देताना व्यापारी तीन गोष्टी पाहतो: सहीचा अधिकार कोणाला आहे, त्या तारखेला खात्यात काय असेल आणि वेळ आल्यास तो थांबविता येईल का. शेड्युलिंगची साधने निवडतानाही हेच तीन प्रश्न विचारणे हिताचे ठरते. जाहिरातीत मात्र बहुधा चौथ्याच गोष्टी सांगितल्या जातात.

प्रथम साधनांचा परिचय. फेसबुक व इन्स्टाग्राम ही ज्यांची मुख्य माध्यमे आहेत, त्यांना त्याच कंपनीचे मेटा बिझनेस सूट विनामूल्य मिळते. दोन्ही ठिकाणच्या पोस्ट एकाच दिनदर्शिकेवर मांडता येतात, तसेच आलेले संदेश एकत्र पाहता येतात. केवळ इन्स्टाग्राम वापरणाऱ्यास व्यावसायिक खाते असल्यास त्याच अ‍ॅपमधून ७५ दिवस पुढची वेळ देता येते. जानेवारी २०१८ मध्ये आलेल्या व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये मालाची सूची, ठरावीक उत्तरे आणि दुकान बंद असतानाचा आपोआप जाणारा निरोप या सोयी आहेत. मात्र त्यातील ब्रॉडकास्टच्या एका यादीत २५६ जणच बसतात आणि ज्यांनी दुकानाचा क्रमांक आपल्या मोबाईलमध्ये नोंदविला आहे, त्यांच्यापर्यंतच निरोप पोहोचतो. गुगल बिझनेस प्रोफाइलही विनामूल्य आहे. ‘जवळचे भांड्यांचे दुकान’ असा शोध घेणाऱ्यास दुकानाची वेळ, पत्ता आणि छायाचित्रे तेथेच दिसतात.

अनेक माध्यमे एकत्र सांभाळायची असल्यास स्वतंत्र साधने आहेत. २०१० मध्ये सुरू झालेले बफर वापरण्यास सोपे असून त्याच्या विनामूल्य योजनेत तीन खाती जोडता येतात आणि प्रत्येक खात्यासाठी एका वेळी दहा पोस्ट रांगेत ठेवता येतात. कॅनडातील व्हँकूव्हर येथे २००८ मध्ये सुरू झालेले हूटसूट मोठ्या कंपन्यांच्या गरजा भागविणारे आहे. त्याची विनामूल्य योजना २०२३ मध्ये बंद झाली आणि लहान दुकानाच्या मानाने त्याचे शुल्क जड आहे. झोहो सोशल हे आपल्याच देशातील झोहो कंपनीचे साधन असल्याने आकारणी रुपयांत होते आणि जीएसटीचे बिलही मिळते. वालीव किंवा सातिवली येथे गाळा घेऊन माल बनविणारा आणि तो घाऊक खरेदीदारांना विकणारा उत्पादक लिंक्डइनकडेही लक्ष देतो. त्याला बफर किंवा झोहो यांचा विचार करता येईल. दोनच खाती असलेल्या एका दुकानास मात्र विनामूल्य साधने पुरेशी आहेत. तेथे दरमहा पैसे भरणे म्हणजे एका कपाटासाठी गोदाम भाड्याने घेणे होय.

आता पहिला प्रश्न, सहीच्या अधिकाराचा. पुष्कळ दुकानांचे पान एखाद्या हुशार मुलाने आपल्या खासगी खात्यातून उघडलेले असते. तो नोकरी सोडून गेला की पानाची किल्लीही त्याच्याबरोबर जाते. वर्षानुवर्षे जमविलेले ग्राहक समोर दिसतात, पण त्यांच्याशी बोलण्याचा मार्ग उरत नाही. तिजोरीची किल्ली जशी एकट्या नोकराकडे दिली जात नाही, तशीच ही किल्लीही देऊ नये. मेटामध्ये पूर्ण अधिकार घरातील किमान दोन व्यक्तींकडे ठेवावेत, कर्मचाऱ्यास किंवा जाहिरात संस्थेस कामापुरतेच अधिकार द्यावेत आणि पासवर्ड कोणाच्याही हाती देऊ नये. वसई, नालासोपारा आणि विरार अशा तीन ठिकाणी शाखा असतील, तर एकाने मजकूर तयार करावा आणि दुसऱ्याने मंजुरी द्यावी, अशी सोय असलेली सशुल्क योजना घेण्यास अर्थ आहे. पैसे खर्चावयाचे तर ते या दुसऱ्या सहीसाठी खर्चावेत.

शुल्क भरण्याची रीतही समजून घ्यावी. दरमहा आपोआप होणाऱ्या कपातीबाबत रिझर्व्ह बँकेने घालून दिलेली चौकट १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहे. पहिल्या नोंदणीच्या वेळी ग्राहकाची खातरजमा आवश्यक असते. त्यानंतर १५,००० रुपयांपर्यंतच्या कपातीस दर वेळी ओटीपी लागत नाही, परंतु किमान २४ तास आधी सूचना येते आणि ती संमती मागे घेता येते. ही सूचना न वाचता पुसून टाकणाऱ्याच्या खात्यातून न वापरलेल्या साधनाचेही पैसे महिनोन्‌महिने जात राहतात. परदेशी साधनाचे शुल्क डॉलरमध्ये असल्यास कार्डावरील परकीय चलनाचा आकार वेगळा पडतो. जीएसटीत नोंदणी असलेल्या व्यापाऱ्यास परदेशातून घेतलेल्या अशा सेवेवर रिव्हर्स चार्जने करही भरावा लागतो. नियमित करदात्यास त्याची वजावट मिळू शकते, पण कंपोझिशन योजनेतील दुकानदारास ती मिळत नाही. म्हणून दोन साधनांच्या किमती ताडून पाहताना पडद्यावरचा आकडा न पाहता अंतिम खर्च मांडावा.

दुसरा प्रश्न, वटण्याच्या तारखेला खात्यात काय असेल? पोस्ट तयार करताना खरा असलेला भाव प्रसिद्धीच्या दिवशी खरा असेलच असे नाही. सोन्याचा भाव रोज बदलतो, त्यामुळे सराफाने भावाची पोस्ट पुढच्या तारखेस ठेवूच नये. २२ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटीचे दर बदलले आणि १,००० ते २,५०० रुपयांच्या दरम्यानच्या तयार कपड्यांवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. नवरात्राच्या तोंडावर ज्यांनी करासह किमतीच्या पोस्ट आधीच रांगेत ठेवल्या असतील, त्यांना त्या एकेक करून तपासणे भाग होते. दुकानात एक भाव आणि मोबाईलवर दुसरा, हा फरक कर्मचाऱ्याच्या नजरेतून सुटतो, ग्राहकाच्या सुटत नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि वसई-विरारकरांना तो समजावून सांगावा लागू नये. २६ ऑगस्ट २०२५ च्या मध्यरात्रीच्या सुमारास विरार पूर्वेच्या विजय नगर भागातील रमाबाई अपार्टमेंट ही चार मजली इमारत कोसळली आणि १७ जणांचा मृत्यू झाला. दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी होती. चतुर्थीला संवत्सरी पाळणाऱ्या परंपरेची संवत्सरीही त्याच दिवशी होती. ढिगारा उपसला जात असताना त्याच शहरातील मोबाईलवर ‘आज आनंदाचा दिवस, खरेदीवर खास सवलत’ अशी आठवडाभरापूर्वी ठेवलेली जाहिरात झळकली, तर दोष कोणाचा? यंत्राने दिलेला हुकूम वेळेवर बजावलेला असतो. यंत्राला वेळ कळते, प्रसंग कळत नाही. पण जाहिरातीवर नाव दुकानाचे असते आणि त्या ढिगाऱ्यापाशी उभे असलेले आप्त हे याच बाजारातले ग्राहक असतात.

अशा वेळी धनादेश थांबविण्याची सूचना किती लवकर देता येते, हे पाहावे. बफरमध्ये खात्याची रांग विराम देऊन थांबविता येते. हूटसूटमध्ये संस्थेच्या सर्व पोस्ट एकदम स्थगित करण्याची सोय आहे. मेटामध्ये दिनदर्शिकेवर जाऊन त्या दिवसाच्या पोस्ट पुढे ढकलता किंवा काढून टाकता येतात. सोय कोणतीही असो, ती घरातील एकालाच माहीत असेल आणि तो त्या दिवशी पौषधास बसून मोबाईलपासून दूर असेल, तर तिचा उपयोग नाही. दोघांना ती करून दाखवावी आणि एकदा तालीमही घ्यावी.

एवढ्या विचारानंतर रोजचा नेम साधा राहतो. एका आठवड्यापलीकडे पोस्ट ठेवू नयेत. सकाळी दुकानाचे कुलूप उघडताच, भाव लिहिण्याच्या पाटीबरोबर त्या दिवशी सुटणाऱ्या पोस्टवरही नजर टाकावी. पोस्ट सुटल्यानंतर ग्राहकांनी विचारलेल्या प्रश्नांना त्याच दिवशी उत्तर द्यावे, कारण उत्तर न देणाऱ्या दुकानाची जाहिरात ही शटर बंद ठेवून लावलेल्या दिव्यासारखी असते. घरातील व मंदिरातील पर्वांचे दिवस दिनदर्शिकेवर आधीच मोकळे सोडावेत.

आणि एक गोष्ट यंत्राकडे सोपवूच नये. संवत्सरीच्या दिवशी शेकडो ग्राहकांना एका क्षणी ‘मिच्छामि दुक्कडम्’ पाठविण्याची सोय आता कोणालाही आहे. परंतु वर्षभरात ज्या ग्राहकाशी मापावरून, बदलीच्या मालावरून किंवा उधारीवरून दोन शब्द वाढले असतील, त्याला त्या दिवशी स्वतः फोन करणे हे काम वेगळे आहे. अशा ग्राहकांची नावे दुकानदारास पाठ असतात. ती बहुधा दहा-बाराच निघतात आणि तेवढ्यांसाठी दुपारची ती दोन तासांची सवड पुरते.