कवठ्याच्या कवनाचे दफ्तर

तमाशाच्या मुलखात माणूस कुळावरून ओळखला जात नाही, तो गावावरून ओळखला जातो. फडावर उभा राहिलेला कलावंत आपले घरचे आडनाव वेशीच्या आत ठेवून बाहेर पडतो आणि गावाचेच नाव आपल्या नावापुढे लावून चार जिल्ह्यांच्या यात्रा पालथ्या घालतो. अशाच रीतीने विठाबाई नारायणगावकर झाल्या, काळू-बाळू कवलापूरकर झाले, आणि घोड-कुकडीच्या खोऱ्यात, शिरूर तालुक्यात, येमाई देवीचे नाव धारण करणाऱ्या कवठे या गावाने महाराष्ट्राला दोन कवठेकर दिले. एक तमाशा कलावंत गंगारामबुवा, दुसरे कवी व शाहीर बशीर मोमीन. विठाबाईंच्या नावाने राज्य शासन जो जीवनगौरव पुरस्कार देते तो या दोघांनाही मिळाला. तालुक्याचे ठाणेही नसलेल्या एका खेड्याला हा मान दोनदा मिळावा ही गोष्ट लहान नव्हे; परंतु ती जितकी भूषणावह आहे तितकीच आपल्याला अडचणीत टाकणारीही आहे, आणि आज मला लिहावयाचे आहे ते या अडचणीविषयी.

बशीर मोमीन यांचा जन्म १९४७ सालचा. औपचारिक शिक्षण फार पुढे गेले नाही, संगीताच्या विद्यालयाची पायरी चढण्याचा प्रश्नच नव्हता, आणि तरीही शाळकरी वयात लागलेला कवनाचा छंद १२ नोव्हेंबर २०२१ रोजी देह ठेवीपर्यंत सुटला नाही. गण, गवळण, लावणी, वग, पोवाडा, भक्तिगीत असे लोकरंगभूमीला लागणारे सर्व जिन्नस त्यांच्या लेखणीतून उतरले. प्रतापराव गुजरांच्या बलिदानावरील ‘वेडात मराठे वीर दौडले सात’ सारखा ऐतिहासिक वग आणि ‘सुशीला, मला माफ कर’ सारखा संसारी वग एकाच हातचे आहेत, हे तंबूतील प्रेक्षकाला कोणी सांगितले नसते तर खरेही वाटले नसते. हुंडा, निरक्षरता, व्यसन यांवर गाणी रचून ते गावोगाव फिरले. त्यांच्या रचनांचा आकडा चार हजारांच्या घरात सांगितला जातो. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढे तो पुन्हा येणार आहे.

मोमीन घराण्यातील मनुष्याने गणपतीचा गण लिहावा याचे कोणी अप्रूप करू लागला तर त्याला आमच्या भागाचा इतिहास ठाऊक नाही असे खुशाल समजावे. शेजारच्या श्रीगोंद्याला शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ लिहिला, दुसऱ्या बाजीरावाच्या काळात शिकलगार सगनभाऊंनी लावणी गाजवली, आणि अमर शेखांचा आवाज संयुक्त महाराष्ट्राच्या सभांतून ऐकलेली माणसे अद्याप हयात आहेत.

औपचारिक शिक्षण फार पुढे न गेलेल्या मोमीनांसारख्या माणसाला आपण ‘स्वयंशिक्षित’ म्हणतो, आणि गौरवाच्या भाषणात एकलव्याची उपमा तर ठरलेलीच असते. मला हा शब्द नेहमीच संशयास्पद वाटत आला आहे. एकलव्य अरण्यात एकटा होता, आणि त्याच्यापुढे मातीचा का होईना, एकच गुरू होता. कवठ्यासारख्या गावात वाढणाऱ्या मुलाच्या भोवती मात्र गुरूंचा सुकाळ असे. पहाटेच्या जात्यावरच्या ओव्या, एकादशीच्या भजनातील टाळ-मृदंग, जागरणातील वाघ्या-मुरळी, गोंधळ्याचे संबळ, पोळ्याची हलगी आणि यात्रेच्या रात्री उजाडेपर्यंत चालणारी ढोलकी, इतक्या अध्यापकांच्या हाताखालून जो कान निघाला त्याला अशिक्षित म्हणणे म्हणजे शिक्षण केवळ फळा-खडूनेच होते असे मानणे होय. या अध्यापकांनी हजेरीपट कधी ठेवला नाही आणि दाखलाही कधी दिला नाही, एवढाच काय तो फरक. आणि घराच्या अंगणातून हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर जर एखादा नावाजलेला तमाशा कलावंत राहत असेल, तर त्या गावात गुरुकुलाची वेगळी स्थापना करण्याचे प्रयोजनच उरत नाही.

या विद्येचा अभ्यासक्रम किती कडक असतो याची कल्पना छापील कवितेच्या वाचकाला सहसा येत नाही. कागदावर लिहिणाऱ्या कवीला शब्द आधी सुचतात आणि चाल, सुचलीच तर, मागाहून; फडासाठी लिहिणाऱ्याला बहुधा चाल आधी मिळते आणि त्या चालीच्या साच्यात, अक्षर न सांडता, अर्थ ओतावा लागतो. मांडीवर बोटाने ठेका धरून तो ओळ पुन्हापुन्हा घोळवतो. ढोलकीची थाप जेथे पडणार तेथे टणक व्यंजन येईल, आणि सुरत्यांनी जेथे झील ओढावयाची तेथे लांब स्वर येईल, ही दक्षता त्याला घ्यावी लागते, कारण तेथे ऱ्हस्व इकार आला तर तुणतुण्याजवळ उभ्या असलेल्या झीलकऱ्याचा श्वास कोंडतो आणि चार हजारांच्या गर्दीत मुखडा पडतो. गाणे म्हणणारी बाई नाचत आहे, तिला ओळीच्या शेवटी दम घ्यावयास उसंत हवी. मागे बसलेल्या शेतकऱ्याला पहिल्या ऐकण्यात अर्थ कळला पाहिजे, आणि पुढे बसलेल्या टवाळाला दुसरा अर्थही कळला पाहिजे. शिवाय त्या काळी ध्वनिवर्धकाची हमी नसे. ज्याने हे सारे व्यवधान वर्षानुवर्षे सांभाळले त्याला छंदःशास्त्र येत नव्हते असे म्हणावयाचे असेल तर म्हणावे. मात्राग्रंथ वाचलेल्या आम्हा मंडळींपैकी किती जणांची ओळ ढोलकीपुढे टिकेल, हे मात्र मग विचारू नये.

ज्या ओळींनी त्या ढोलकीपुढे टिकून दाखवले त्यांच्या धन्याचे नाव तंबूत बसलेल्या किती लोकांना ठाऊक होते? अडचण येथून सुरू होते. तमाशाचा फड मालकाच्या नावाने चालतो. फलकावर मालकाचे नाव, यात्रा कमिटीच्या सुपारीच्या कागदावर मालकाचे नाव, आणि १९८० नंतर कॅसेटचा जमाना आला तेव्हा वेष्टनावर ठळक अक्षरांत पुन्हा तेच नाव. कवनकाराला बिदागी मिळाली की व्यवहार पुरा झाला असे उभय पक्ष मानीत आले. एका फडासाठी लिहिलेली लावणी दुसऱ्या फडावर गेली, तेथे तिचे दोन शब्द बदलले, तिसऱ्या फडावर कडवे गळाले, आणि दहा वर्षांनी ती ‘पारंपरिक’ म्हणून ध्वनिमुद्रित झाली, हा प्रवास इतका सर्रास आहे की त्यात कोणाला अन्यायही दिसेनासा झाला आहे.

यावर एक प्रतिष्ठित उत्तर तयार असते. ते असे की लोककला ही समूहाची असते, तीत व्यक्तीचे नाव शोधणे हा नागर मनाचा हव्यास होय. हे उत्तर ऐकावयास उदात्त वाटते. परंतु ओव्या आणि भलरी यांना ते जितके लागू पडते तितके शाहिरीला पडत नाही. शाहिरी वाङ्मयाची मूळ वहिवाट नेमकी उलट आहे. कवनाच्या शेवटच्या कडव्यात स्वतःचे, गुरूचे, गावाचे, कधी झीलकऱ्याचेसुद्धा नाव गुंफण्याची चाल आमच्या शाहिरांनी कटाक्षाने पाळली. किंबहुना ही नाममुद्रा नसती तर रामजोशी कोणता आणि अनंतफंदी कोणता हे ठरवणे संशोधकांना अशक्य झाले असते. होनाजी आणि बाळा या जोडीत होनाजी रचीत असे आणि बाळा गात असे, आणि लोकांनी दोघांचीही नावे एका दमात घेतली. कंठाने लेखणीला झाकले नाही. पठ्ठे बापूरावांच्या भोवती पवळेच्या सौंदर्याच्या इतक्या आख्यायिका जमल्या तरी कवनावरील त्यांचा हक्क कोणी नाकारला नाही. कागद दुर्मिळ, छापखाना नाही, कोर्ट-कचेरी दूर, अशा काळात शेवटच्या ओळीतील नाव हेच कवीचे खरेदीखत होते. तेव्हा कवनकाराचे नाव पुसले जाणे ही परंपरा नव्हे. ती परंपरा मोडल्यानंतरची अवस्था आहे.

कायद्याचा विचार केला तर परिस्थिती आणखीच चमत्कारिक दिसते. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे, आणि पुढे झालेल्या दुरुस्त्यांप्रमाणे, लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीने ध्वनिमुद्रणात वापरलेल्या गीताच्या रॉयल्टीवर गीतकाराचा वाटाही मान्य केला. म्हणजे कवठ्याच्या या कवीच्या रचनांवरील हक्क, त्यांनी तो कोणाला लिहून दिला नसेल तर, सरकारी दफ्तराच्या हिशेबाने २०८१ सालच्या अखेरपर्यंत शाबूत आहे. पण कोणत्या रचनांवरील? चार हजार हा आकडा आहे, फेरिस्त नव्हे. गाण्याचे शीर्षक, चाल, ज्या फडासाठी लिहिले तो फड आणि ते वर्ष असे रकाने आखून कोणत्याही सार्वजनिक संस्थेने ही चार हजार गाणी कवीच्या हयातीतच उतरवून घेतली असती, तर ज्या हक्काची भाषा कायदा करतो त्याला काही अर्थ आला असता. ज्या शेताचा गट नंबर ठाऊक नाही त्याचा सातबारा आपल्या नावावर आहे असे सांगण्यात शेतकऱ्याला काय समाधान?

हे काम आपल्याकडे कोणाला जमत नाही असेही नाही, आणि म्हणूनच खंत अधिक. ऑकवर्थ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने शंकर तुकाराम शाळिग्रामांच्या साहाय्याने गोंधळ्यांच्या तोंडचे पोवाडे मिळवून १८९१ साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. य. न. केळकरांनी आयुष्याची कित्येक वर्षे शाहिरांची बाडे धुंडाळण्यात घालवली. इतिहासाचार्य राजवाडे तर दफ्तरांच्या शोधात पायपीट करीत गावोगाव हिंडले. पण या सर्वांपेक्षा मला जवळचे उदाहरण वाटते ते याच पुणे जिल्ह्यातले. मुळशीच्या डोंगराळ भागातून काम सुरू करून गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्यांतील विशेष असा की ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव नोंदवले. ज्या काव्यप्रकारात नाममुद्रेची चाल कधी नव्हती त्यातील बायांना नावे मिळाली, आणि ज्या काव्यप्रकाराचा प्राणच नाममुद्रा होता त्यातील कवी अनामिक होत चालले, हा दैवदुर्विलास कवठ्याहून मुळशीपर्यंतच्या शंभर-सव्वाशे किलोमीटरांत घडला आहे.

पुरस्काराविषयी मला तक्रार नाही. २०१८ सालचा जीवनगौरव मोमीन यांना मिळाला तेव्हा सत्तरी उलटली होती, तरी तो डोळ्यांदेखत मिळाला हे भाग्यच. या क्षेत्रात शाल पुष्कळदा तिरडीच्या आधी जेमतेम पोहोचते. खुद्द विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळूनही अखेरच्या दिवसांत उपचारांच्या पैशासाठी याचना करावी लागली, हे आपण विसरलेलो नसू. माझे म्हणणे एवढेच की पुरस्कार माणसाला दिला जातो आणि नोंद कामाची होते, आणि शासनाने पहिली गोष्ट केली म्हणून दुसरीतून त्याची मोकळीक होत नाही. पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे. तेथील विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी विषय हवे असतात, आणि शिरूर, जुन्नर, आंबेगाव या तीन तालुक्यांत कवनकारांच्या, ढोलकीवाल्यांच्या, सोंगाड्यांच्या घरी वह्या पडून आहेत. त्यांच्या छायाप्रती काढण्यास समित्यांची आवश्यकता नाही; दोन चिकाटीची मुले, एक ध्वनिमुद्रक आणि म्हाताऱ्या माणसाजवळ बसून त्याच्या आठवणीच्या वेगाने ऐकण्याची सोशिकता पुरेशी आहे. ही तिसरी वस्तू मात्र कोणत्याही अनुदानातून मिळत नाही.

हे तातडीचे का, याचे उत्तर २०२० आणि २०२१ या दोन वर्षांनी दिले. महामारीने ऐन चैत्रात यात्रा बंद पडल्या, फडांच्या गाड्या दारात उभ्या राहिल्या. २०२१ च्या मे महिन्यात कांताबाई सातारकर गेल्या, नोव्हेंबरात बशीर मोमीन गेले. तंबूतील अध्यापक असा एकेक उठून जात असता, एखाद्या लावणीची मूळ चाल कोणती आणि तिसऱ्या फडावर गळालेले कडवे कोणते, हे सांगू शकणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

नारायणगावला आजही हंगामाच्या तोंडावर फडमालकांच्या राहुट्या पडतात. गावोगावचे पंच येतात, चहा होतो, घासाघीस होते, आणि मग वही उघडून गावाचे नाव, यात्रेची तिथी, ठरलेली रक्कम आणि दिलेला विसार असे चार रकाने भरले जातात. ही वही फार काटेकोर असते. तिच्यात एका रुपयाची चूक सापडावयाची नाही. फडावर या वर्षी कोणता वग लागणार आणि तो कोणाच्या हातचा, एवढे दोन रकाने त्याच वहीत वाढवावयाचे ठरले, तर त्याची सुरुवात येत्या गुढीपाडव्यापासूनही करता येईल.