ताऱ्यांमधली काजळी

काष्टीचा जनावरांचा बाजार पाहिलाय ना? बैलजोड्या निघाल्या की असा धुरळा उडतो, की पलीकडचा माणूस दिसत नाही! अगदी असाच धुरळा आकाशातही आहे. पटत नाही? मग चैत्र-वैशाखात, अमावास्येच्या सुमारास, पहाटे गावाबाहेर जा आणि गरुड व हंस हे तारकासमूह शोधा. तिथे आकाशगंगेच्या पांढुरक्या पट्ट्यात एक काळी फट दिसेल. तिथे तारे आहेत बरं का! मधल्या धुळीने ते झाकलेत, एवढंच.

ही धूळ कशाची? पूर्वी बहुतेकांना वाटे, बर्फाच्या कणांची. १९६२ साली फ्रेड हॉईल आणि श्रीलंकेचे चंद्रा विक्रमसिंघे म्हणाले, यात ग्रॅफाइट असणार. ग्रॅफाइट म्हणजे तुमच्या पेन्सिलीतलं शिसं. कंदिलाच्या काजळीसारखंच कार्बनचं एक रूप.

पण तिथली चिमूटभर धूळ आणणार कोण? म्हणून शास्त्रज्ञ प्रकाशाची झडती घेतात. ताऱ्याचा प्रकाश धुळीतून येताना काही ठरावीक रंग गाळले जातात. कुठले रंग गायब आहेत, त्यावरून चोर ओळखायचा! १९६५ साली रॉकेटवरच्या उपकरणाने अतिनील प्रकाशातली अशी एक मोठी चोरी पकडली. संशय कार्बनवरच आहे. पण त्याचं नेमकं रूप कोणतं, हा वाद अजून मिटलेला नाही.

एक चोर मात्र सापडला. कार्बनच्या ६० अणूंचा, फुटबॉलसारखा रेणू १९८५ साली प्रयोगशाळेत मिळाला आणि २०१० साली अवकाशातही दिसला! तरीही १९२२ पासून नोंदवल्या गेलेल्या अशा शेकडो काळ्या पट्ट्यांपैकी बहुतेकांचा उलगडा आजही झालेला नाही.

हॉईल हे आपल्या डॉ. जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू. अवकाशात कार्बनच्या सुईसारख्या बारीक कणांची कल्पना नारळीकरांनीही मांडली होती. विश्वात सगळीकडून येणाऱ्या सूक्ष्मलहरींचं कोडं त्यातून सुटेल, असं त्यांना वाटे. बहुतेक शास्त्रज्ञांना ते पटलं नाही. पण म्हणून ते गप्प बसले नाहीत. पुरावे मांडत राहिले.

मुलांनी सही मागितली, की नारळीकर म्हणत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव. उत्तरासोबत सही मिळेल! २०२५ साली ते गेले. पण प्रश्न विचारायला कुणाची सही लागते का? त्या काळ्या फटीकडे पाहताना तुमच्या मनात पहिला प्रश्न कोणता आला? तो आजच वहीत लिहून ठेवा.