बांबू तोडू नका, कापायला शिका

अंधेरी असो की मुलुंड, सोसायटीच्या भिंतीकडेला बांबूचे बेट अनेक ठिकाणी दिसते. पावसाळ्यात डेंग्यूची भीती पसरली की कुणीतरी म्हणतो, ‘काढून टाका ते!’ आमचे म्हणणे असे, की दोष बांबूचा नाही, कापणाऱ्या हाताचा आहे.

बांबू आतून पोकळ. माळी वरून एका रेषेत छाटतो तेव्हा बरेच दांडे दोन गाठींच्या मध्ये कापले जातात. मग प्रत्येक खुंटाचा पेला होतो. त्यात पावसाचे पाणी साठते आणि डेंग्यूचा एडिस डास तिथेच अंडी घालतो. आठ-दहा दिवसांत डास तयार! उपाय फुकटचा आहे. गाठीच्या लगेच वर कापा. गाठीत आडवा पडदा असतो, त्यामुळे पेला उरतच नाही. जुन्या खुंटांत वाळू भरा.

आता घरातला ‘लकी बांबू’. तो बांबू नव्हेच. बांबू गवताच्या कुळातला, हा आफ्रिकेतला ड्रासिना. २००१ साली पाण्यात ठेवून पाठवलेल्या याच रोपांबरोबर आशियाई टायगर डास कॅलिफोर्नियात पोचला होता. तेव्हा पाणी दर आठवड्याला बदला आणि भांडे आतून घासा. काठाला चिकटलेली अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. त्यापेक्षा रोप सरळ मातीत लावलेले बरे.

नवीन लावायचाच तर आपल्या कोकणातला माणगा बघा. काटे नाहीत आणि दांडा जवळजवळ भरीव, म्हणजे पाणी साठायला जागाच कमी. शोभेसाठी हिरव्या रेघांचा पिवळा बांबूही छान, पण तो पोकळ असतो हे ध्यानात ठेवा. भिंतीपासून पाच-सहा फूट तरी सोडा. गच्चीवर पिंपात लावाल तर बुडाला भोके हवीतच.

पावसाळ्यात कोंब फुटतात, तेव्हा कोयता नको. दांडा पहिल्याच हंगामात पुरा वाढतो, नंतर जाड होत नाही. म्हणून तीन वर्षांपुढचे दांडे हिवाळ्यात बुडाजवळच्या गाठीवर काढा, कोवळे राखा. बेट मोकळे राहते, वारा खेळतो.

उपनगरात हिरवे असे उरलेच किती? पाऊस सुरू होण्याआधी माळ्याबरोबर बेटाभोवती एक चक्कर मारा आणि कुठे कापायचे ते दाखवा. एवढ्याने बांबूही वाचेल आणि घरातली पोरेही.