लांब मानेचा प्राणी आणि ज्ञानकोशातील नोंद

कोलकात्याच्या उत्तर भागातील बागबाजार हे ठिकाण मराठी वाचकास इतिहासाच्या संदर्भात आठवण्याचा संभव आहे. 1742 मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या भीतीने तेथे जो खंदक खणण्यास आरंभ झाला, त्याची खूण तेथील एका गल्लीच्या नावात अद्याप शिल्लक आहे. त्याच बागबाजारात ‘विश्वकोश लेन’ या नावाचीही एक गल्ली आहे. रंगलाल व त्रैलोक्यनाथ मुखोपाध्याय यांनी आरंभिलेला बंगाली ‘विश्वकोश’ नगेंद्रनाथ बसू यांनी पुढे चालविला व 1911 पर्यंत त्याचे 22 खंड सिद्धीस नेले. त्या कार्यावरून गल्लीस ते नाव पडले. परंतु त्या कोशाची सुधारित आवृत्ती 1938 मध्ये बसूंच्या निधनामुळे अपुरीच राहिली. कोश एकवार रचणे एखाद्या उद्योगी पुरुषाच्या आवाक्यात येऊ शकते. तो सतत निर्दोष राखणे हे अनेकांनी मिळून करावयाचे कार्य आहे.

हे म्हणणे पटण्यासाठी एकाच प्राण्याच्या नोंदीचा विचार पुरेसा आहे. बागबाजाराच्या उत्तरेस, फार दूर नाही अशा बरानगर येथे भारतीय सांख्यिकी संस्थेचे भूविज्ञान संग्रहालय आहे. तेथे बारापासॉरस टागोरेई या लांब मानेच्या डायनोसॉरचा सांगाडा उभा आहे. त्याची पहिली हाडे 1958 मध्ये प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात, तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यात सापडली. पुढे 1960 व 1961 या वर्षांत सुमारे 300 हाडे हाती आली. ती निदान सहा प्राण्यांची आहेत. एक मांडीचे हाड तर सुमारे 1.7 मीटर लांबीचे निघाले. ‘बडा पा’, म्हणजे मोठा पाय, या बंगाली शब्दांवरून प्राण्याचे नाव आले. आणि 1961 हे रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचे वर्ष असल्याने त्यांचे नाव त्यास जोडले गेले. जैन, कुट्टी, रायचौधुरी व चतर्जी या चौघांनी 1975 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले.

आता ही नोंद येथेच पुरी झाली असे कोणी म्हणेल काय? कवटी सापडलेली नाही. काही दात तेवढे मिळाले आहेत. म्हणजे संग्रहालयातील सांगाड्याचे मस्तक हे अनुमान होय. लांबीचे अंदाज 14 मीटरपासून 18 मीटरपर्यंत आहेत. ज्या खडकांत हाडे मिळाली त्या कोटा थरांचे वय प्रारंभी पूर्व ज्युरासिक मानले गेले. पुढे काहींनी त्यांचा काही भाग मध्य ज्युरासिक काळात घातला. 2010 मध्ये सर्व हाडांचा पुन्हा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रत्येक टप्प्यावर नोंदीतील एखादे वाक्य बदलणे भाग होते.

ही अवस्था केवळ आपल्याकडील प्राण्याची नव्हे. अमेरिकेत मार्श यांनी 1879 मध्ये ब्राँटोसॉरस हे नाव दिले. 1903 मध्ये रिग्ज यांनी तो पूर्वीच नाव मिळालेला अपॅटोसॉरसच होय असे दाखविले. आणि 2015 मध्ये एका विस्तृत अभ्यासाने ते दोघे वेगळे असल्याचे पुन्हा प्रतिपादिले. पिट्सबर्ग येथील अपॅटोसॉरसच्या सांगाड्यावर तर 1979 पर्यंत दुसऱ्याच जातीच्या धर्तीचे मस्तक होते.

आज कोणासही लिहिता व सुधारता येतील असे मुक्त ज्ञानकोश उपलब्ध आहेत. मराठीतही असा कोश 2003 पासून आहे. त्यावर आक्षेप असा घेतला जातो की, जेथे सर्वांनाच लेखणी दिली तेथे अज्ञानाचा सुळसुळाट होणार. आक्षेप अगदीच निराधार नाही. परंतु अशा कोशात प्रत्येक बदलाचा इतिहास जतन होतो, हा त्याचा मोठा गुण होय. तेव्हा ‘हे कोणी लिहिले?’ यापेक्षा ‘हे कशाच्या आधारे लिहिले?’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. चौदा मीटर खोडून अठरा लिहिणाराने ते माप कोणी, कोणत्या हाडांवरून काढले हे सांगितलेच पाहिजे. एवढे बंधन पाळले तर विद्यार्थी, शिक्षक व तज्ज्ञ एकाच नोंदीवर निःसंकोच काम करू शकतात.

अनुवादकाची जबाबदारी याहून नाजूक आहे. मूळ लेखातील ‘सुमारे’, ‘बहुधा’, ‘असावे’ हे शब्द वाक्याच्या डौलासाठी गाळले की अनुमानाचे सत्य बनते, आणि मराठी वाचकास ते तपासण्याचे साधन उरत नाही. शब्दयोजनेचेही तसेच. ओवेन यांनी 1842 मध्ये घडविलेल्या डायनोसॉर या शब्दाचा अर्थ ‘भयंकर सरडा’ असा होतो. म्हणून कोणी तसाच प्रतिशब्द योजला, तर वाचकाच्या डोळ्यांपुढे पाय फाकून सरपटणारा प्राणी उभा राहील. बारापासॉरसचे पाय मात्र खांबांप्रमाणे सरळ देहाखाली होते. अशा ठिकाणी परका शब्द तसाच ठेवून त्याखाली मराठीत स्वच्छ वर्णन देणे अधिक हितकर, असे माझे मत आहे. त्याच्या मणक्यांच्या बाजूंस उथळ खळगे आहेत. नंतरच्या लांब मानेच्या डायनोसॉरांत तेथे खोल पोकळ्या दिसतात व त्यामुळे मान हलकी होते. हे सांगावयास साधी मराठी पुरेशी आहे.

या नोंदीशी आपला संबंध भाषेपुरताच नाही. ज्यावरून कोटा थरांस नाव पडले ते कोटा गाव गडचिरोली जिल्ह्यात, सिरोंचाजवळ आहे. तेथील शाळेतील मुलास आपल्या पायांखालील खडकांची हकीकत स्वतःच्या भाषेत, आजच्या ज्ञानानुसार वाचावयास मिळावी, ही अपेक्षा काही अवाजवी नव्हे. ती पुरी करण्यास दुसऱ्या नगेंद्रनाथांची वाट पाहण्याचे कारण नाही. ज्यास भूविज्ञान येते त्याने माप तपासावे, ज्यास भाषा येते त्याने वाक्य तपासावे, आणि दोघांनीही आपल्या दुरुस्तीचे कारण मागे ठेवावे.