हिशेबाबाहेरचे मृत्यू

२३ ऑगस्ट १९४४ रोजी इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यातील फ्रेकल्टन या खेड्यावर अमेरिकेचे एक लिबरेटर बाँबफेकी विमान कोसळले. जवळच्याच वॉर्टन तळावरून ते चाचणीसाठी उडाले होते व वादळामुळे त्यास परत बोलावण्यात आले होते. शत्रू आसपास कोठेही नव्हता. शाळेचा शिशुवर्ग जळून गेला. ६१ माणसे मेली, त्यांत ३८ शाळकरी मुले होती. ब्रिटनमधील वादळांचा धोका अमेरिकन वैमानिकांना नीट समजावून द्यावा, अशी शिफारस चौकशीअंती झाली. म्हणजे तो तोवर समजावला गेला नव्हता!

ब्रिटिश बाँबर कमांडचे ५५ हजारांवर वैमानिक व सहकारी त्या युद्धात कामी आले. त्यांपैकी सुमारे ८ हजार प्रशिक्षणात व तत्सम अपघातांत. घाईने माणसे तयार करण्याची ही किंमत सरकारांनी जाणूनबुजून पत्करली होती. निदान त्या तरुणांची नावे सैन्याच्या यादीत चढली. फ्रेकल्टनची मुले मात्र अर्थशास्त्रात ज्याला बाह्य खर्च म्हणतात त्यात मोडतात : निर्णय एकाचा, भुर्दंड तिसऱ्याच्याच माथी.

हे जुने झाले म्हणावे, तर २७ फेब्रुवारी २०१९ आठवावा. पाकिस्तानशी हवाई चकमक चालू असता श्रीनगरजवळ बडगाम येथे आपल्याच क्षेपणास्त्राने आपले एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडले. हवाईदलाचे ६ जण आणि जमिनीवरील एक नागरिक मृत्युमुखी पडले. ही आपली मोठी चूक होती, असे हवाईदलप्रमुखांनी जाहीरपणे मान्य केले ते ऑक्टोबरात. तोवर सात महिने लोटले होते.