संगणक घेण्याआधी घरचे कपाट उघडा

परीक्षा संपल्या की आपल्या पालकवर्गात एक विषय हमखास निघतो : घरी संगणक कोणता घ्यावा? पूर्वी हा प्रश्न टायपिंग आणि इंटरनेटपुरता होता. आता मुलांना स्नेहसंमेलनाचे चित्रण कापून-जोडून त्यावर संगीत चढवायचे असते, गाण्याची, नाटुकल्याची चित्रफीत करायची असते. हौस चांगलीच आहे. पण एम. पी. नगरच्या दुकानात पाऊल ठेवले की सात रंगांचे दिवे लागणारे काचेचे कॅबिनेट पुढे येते, मुलाचे डोळे लकाकतात आणि वडिलांचा हात खिशाकडे जातो. आमचे म्हणणे असे, की दुकानात जाण्याआधी घरातले एक कपाट उघडून पाहावे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले आणि नागपूरच्या सचिवालयातली कितीतरी मराठी कुटुंबे इकडे आली. कोणी ग्वाल्हेर-इंदूरहून आले, कोणी हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये लागले. त्या वेळचा पंचवीस वर्षांचा कारकून आज पंचाण्णवीच्या घरात असता. त्या पिढीतली फार थोडी माणसे आता भेटतात. मात्र मुंजी-लग्नांच्या, गणेशोत्सवातल्या नाटकांच्या चित्रणात त्यांचे चालणे-बोलणे आहे, आणि ते चित्रण व्हीएचएसच्या जाड कॅसेटींत किंवा २००० नंतरच्या काडेपेटीएवढ्या मिनी-डीव्ही कॅसेटींत, जुन्या साड्यांच्या मागे पडून आहे. चुंबकीय फीत कायमची टिकत नाही. आपल्या पावसाळ्यात तिच्यावर बुरशी धरते. शिवाय ती वाजवणारे यंत्रही दुर्मिळ झाले : व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, जुलै २०१६ मध्ये उत्पादन बंद केले. आपला पहिला बोलपट, १९३१ चा ‘आलम आरा’, याची एकही प्रत आज उरलेली नाही. एवढ्या गाजलेल्या चित्रपटाची ही गत, तर आपल्या आजीच्या मंगळागौरीची काय कथा!

म्हणून आमच्या मते घरच्या संपादनाच्या संगणकाचे पहिले काम हे आहे, आणि त्यासाठी लॅपटॉपपेक्षा डेस्कटॉप बरा. कारण साधे आहे. मिनी-डीव्हीचे चित्रण कॅमेऱ्यातून जसेच्या तसे उतरवायला फायरवायर नावाची जोडणी लागते. बहुतेक कॅमेऱ्यांची यूएसबी तार त्या कामाची नसते. नव्या लॅपटॉपना फायरवायर नसते, आणि ॲपलने तर २०२५ च्या मॅक ओएस २६ मध्ये तिचा आधारच काढून टाकला. डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर मात्र पीसीआय एक्स्प्रेसची खाच असते, तिच्यात फायरवायरचे छोटे कार्ड बसवता येते. तेवढे कार्ड तुमच्या विंडोजवर चालते की नाही हे आधी विचारून घ्यावे. तासाभराची कॅसेट उतरायला तासच लागतो, आणि डिस्कवर ती सुमारे १३ जीबी जागा घेते. म्हणजे घरी चाळीस कॅसेटी असतील तर पाचशे जीबीची सोय हवी. व्हीएचएससाठी चालू स्थितीतला व्हीसीआर आणि चित्र पकडणारे वेगळे उपकरण लागते.

आता पैसे कुठे घालावेत? दिव्यांत नाहीत. ‘साब, आय-फाइव्ह है, सब चलेगा’ हे वाक्य प्रत्येक दुकानात ऐकू येते. आय-फाइव्ह हे नाव २००९ पासून आहे. पहिल्या पिढीचा आय-फाइव्ह आणि बाराव्या पिढीचा यांत सायकल आणि मोटारीइतके अंतर, तेव्हा नावापुढचा पूर्ण आकडा वाचावा. कार्यालयांतून निघालेले जुने संगणक स्वस्तात मिळतात, पण विंडोज १० ची सर्वसाधारण मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा तिच्यापुढचीच चालते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेरीस एफ अक्षर असते त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते. ते थोडे स्वस्त पडतात, पण मोबाइलवरचे दाबून लहान केलेले चित्रण उलगडायला हे अंगभूत ग्राफिक्स फार उपयोगी पडते. वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यायचे नसेल तर एफ टाळावा.

मेमरी १६ जीबी किमान. मोबाइलचे फोर-के चित्रण जोडायचे असेल तर ३२ बरी, कारण फोर-केच्या एका चौकटीत साध्या एचडीच्या चौपट ठिपके असतात. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव एकदम चढले, तेव्हा आज १६ घेऊन मदरबोर्डवर दोन खाचा मोकळ्या ठेवणे शहाणपणाचे. विंडोज आणि प्रोग्रॅमसाठी एक एसएसडी, आणि साठवणीला वेगळी मोठी हार्ड डिस्क. एवढ्यावर संगणक अडखळत असेल, तर चालू चित्रणाच्या हलक्या प्रती करून त्यांवर काम करता येते, शेवटी मूळ चित्र आपोआप जोडले जाते. या एका युक्तीने अनेकांचा ग्राफिक्स कार्डाचा खर्च वाचेल. दा व्हिंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती, केडेनलाइव्ह, शॉटकट हे प्रोग्रॅम फुकट मिळतात. यांतले रिझॉल्व्ह मात्र ग्राफिक्स कार्डावर बराच भार टाकते, त्यामुळे साध्या यंत्रावर उरलेल्या दोघांपासून सुरुवात करावी.

मॉनिटरवर मात्र हात आखडू नये. आयपीएस पडदा घ्यावा. पैठणीचा रंग आणि माणसाच्या कातडीचा रंग पडद्यावर खरा दिसला नाही, तर तो सुधारायचा कशाच्या आधारे? कानाला चांगले हेडफोनही हवेत, कारण जुन्या चित्रणात आवाजच आधी हरवतो. आणि यूपीएस विसरू नये. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे, बहुतेक वेळा ३६० च्या आसपास. वीज गेल्यावर काम साठवून संगणक नीट बंद करण्यापुरता तो आहे, पुढे काम रेटण्यासाठी नाही. मे महिन्याच्या उकाड्यात काचेच्या बंद कॅबिनेटपेक्षा जाळीचे बरे, फक्त धूळ झाडण्याचा नेम हवा.

आपल्यापुरती एक खास बाब. चित्रफितीवर नावे टाकताना काही प्रोग्रॅम मराठी अक्षरे फोडतात : वेलांटी सुटी पडते, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला भेद उरत नाही. मराठी वळणाचे ल आणि श हिंदीपेक्षा वेगळे, तेही पाहावे. विकत घेण्याआधी दुकानातच ‘सुऱ्या’, ‘श्रीक्षेत्र’ असे दोन-तीन शब्द टाकून बघावेत. मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी केलेला ‘मुक्त’ हा टंक मोफत आहे आणि चांगला आहे.

हे सगळे मोबाइलवर होते, असे मुले म्हणतील. अर्ध्या मिनिटाची फीत होते, खरे आहे. चार तासांच्या लग्नातून वीस मिनिटांचे निवडायचे तर मोठा पडदा आणि बैठक लागते. आणि हा संगणक मुलाच्या खोलीत नव्हे, बैठकीत ठेवावा. दादासाहेब फाळक्यांच्या चित्रपटांसाठी कच्च्या फिल्मला भोके पाडण्याचे काम सरस्वतीबाई घरीच करत. आपल्या घरांतही आई आणि मुलगी या खुर्चीत बसायला हव्यात. चित्रातली कोण कोणाची मावशी हे बहुधा आईलाच ठाऊक असते.

विश्वस्तांकडे आमचे एक मागणे आहे. फायरवायरचे कार्ड, चांगला व्हीसीआर आणि एक जुना मिनी-डीव्ही कॅमेरा ही सामग्री प्रत्येक घराने घ्यावी असे नाही. शाळेने संगणक कक्षात असा एक डेस्कटॉप उभा करावा, वरच्या वर्गांतल्या मुलांना तो हाताळायला शिकवावे, आणि शनिवारी पालकांच्या कॅसेटी उतरवून द्याव्यात. नव्या वर्षाच्या अंदाजपत्रकात याला जागा मिळावी. उतरवलेल्या चित्रणाच्या तीन प्रती असाव्यात : एक संगणकात, दुसरी वेगळ्या डिस्कवर, तिसरी गावाबाहेर, पुण्याला किंवा परदेशी असलेल्या मुलाकडे. कॅसेट आणताना तिच्यावर साल, प्रसंग आणि ओळखू येणाऱ्या माणसांची नावे लिहून आणावीत. बुरशी दिसत असेल तर ती घरच्या व्हीसीआरमध्ये घालू नये, तशीच आणावी.